सहा आठवडे हसू नये

साखळीच्या बाजाराजवळच्या दवाखान्यात बुधवारी दुपारी तीन वाजता दोन माणसं समोरासमोर बसली होती, आणि दोघांनीही आपापलं तोंड हाताने झाकलं होतं. तिने उजव्या हाताने, त्याने डाव्या.

पाऊस वगैरे नव्हता. जानेवारीत तो नसतोच. एसीचं पाणी तेवढं एका नळीतून कोपऱ्यातल्या बालदीत टपटप पडत होतं, आणि पावसाची हौस तेवढ्यावरच भागवून घ्यावी लागणार होती.

ती गौरवी. वय अठ्ठावीस, साखळीतच घर, हायस्कुलात भूगोलाची टीचर. समोरचा माणूस आपली नक्कल करतोय, याबद्दल तिला शंका राहिली नव्हती. सहा वर्षं नववी-दहावीच्या वर्गांवर काढल्यामुळे नक्कल ओळखण्यात ती तरबेज होती. तरी खात्री करून घ्यावी म्हणून तिने हात बदलला. नेमका त्याच वेळी त्याचा डावा हात अवघडला, आणि त्यानेही हात बदलला.

झालं.

"काय चाललंय तुमचं?" तिने विचारलं. हाताआडून.

"माझं?" तोही हाताआडून. "मीच तुम्हाला विचारणार होतो. मघापासून बघतोय... ओळख ना पाळख, आणि टर उडवायची?"

"मी टर उडवतेय?"

"मग मी?"

बालदीत दोन-तीन थेंब पडले.

"कुठला?" शेवटी त्याने विचारलं.

"वरचा. पुढचाच. इम्प्लांट आहे. तुमचा?"

"सुळा. कॅप बसवलेली आहे. वासराने लाथ मारली होती."

"वासराने? तोंडावर?"

"मी वाकलो होतो. वासराची चूक नाही." त्याने हे इतक्या गंभीरपणे सांगितलं, जणू वासरातर्फे साक्ष द्यायला आला होता. "मी रुद्रेश. इब्रामपूरचा. गुरांच्या दवाखान्यात असतो. दिवसभर तोंडं उघडून दात बघायचे, वय सांगायचं. आज पहिल्यांदाच कोणी माझं बघणार."

"वय?"

"तें नाका. तें चुकतं माणसांचं." मग थोडं थांबून, एसटीची वेळ सांगावी तशा आवाजात तो म्हणाला, "गायीला वरचे पुढचे दात नसतातच, माहीत आहे ना टीचर?"

"मी टीचर आहे, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुम्ही 'काय चाललंय तुमचं' म्हणालात तेव्हा मी उभा राहणार होतो."

"...नसतात? खरंच?"

"एकही नाही. नुसती हिरडी. जन्मभर. तरी लोक पाया पडतात."

गौरवी हसली. हात जागेवरच होता, त्यामुळे रुद्रेशला त्या हसण्याचा फक्त वरचा अर्धा भाग दिसला. डोळे बारीक झाले, कपाळावरची टिकली किंचित वर सरकली. खालचा अर्धा भागही कधीतरी बघायला मिळावा, असं त्याला वाटलं. एवढंच वाटलं. पुढचं काही वाटायच्या आत आतून त्याचं नाव पुकारलं गेलं.

*

गौरवीच्या दाताची हकिकत साधी होती. सहा वर्षांपूर्वी कारापूरच्या वळणावर तिच्या स्कूटरसमोर कुत्रा आला. कुत्रा वाचला, दात गेला. त्या जागी इम्प्लांट, म्हणजे हाडात धातूचा स्क्रू आणि त्यावर दातासारखा दात, बसवला. काही दिवस छान गेले. मग त्या दातावरची हिरडी हळूहळू वर सरकायला लागली, आणि दाताच्या मुळाशी पेन्सिलीने ओढावी तशी राखाडी रेघ दिसायला लागली. तेव्हापासून हसू आलं की तिचा उजवा हात आधी वर जाई.

या हाताचे निरनिराळे अर्थ लावले गेले. शाळेत पोरं म्हणत, टीचर कडक आहे. बघायला आलेल्या एका घरच्यांनी मुलगी लाजाळू आहे म्हणून कौतुक केलं. दुसऱ्या घरच्यांनी "चेडू कितेंतरी लिपयता", म्हणजे मुलगी काहीतरी लपवतेय, असा निरोप पाठवला. ते खरंच होतं. त्या दिवशी गौरवीने वडिलांना सांगितलं, "बाबा, आता हे पुरे. मला मोकळेपणी हसता येईपर्यंत कुणाला घरी बोलवायचं नाही."

महादेव म्हणाले, "बरं." महादेव खाणीच्या ऑफिसातून निवृत्त झाले होते आणि शब्द जपून वापरत. पण ती रेघ आल्यापासून त्यांना मुलीचं हसणं ऐकू येई, दिसत नसे. आणि हे ते कुणाला सांगत नसत.

हिरड्यांच्या डॉक्टर शालिनी दर बुधवारी साखळीला बसत. ठेंगण्या, जाड चष्म्याच्या, आणि बोलायच्या ते नोटीस वाचून दाखवल्यासारखं.

"टाळूच्या आतून पातळ पट्टी काढायची," त्यांनी गौरवीला सांगितलं. "ती या हिरडीखाली सरकवायची. मग हिरडी खाली ओढून शिवायची. कपड्याला आतून ठिगळ लावतो तसं."

"पूर्ण झाकेल?"

"वचन देत नाही. स्वतःचा दात असला तर हिरडी त्याला धरून राहते. त्या रुद्रेशच्या सुळ्याचं बहुतेक पूर्ण होईल. कॅप असली तरी मूळ त्याचंच आहे. इम्प्लांटला हिरडी तशी धरत नाही. पण रेघ जाईल, असं वाटतं."

"आणि नाही टिकलं तर?"

"दुसऱ्यांदा करता येतं, पण पहिल्याइतकं चांगलं होत नाही. म्हणून जे काय ते पहिल्याच वेळी सांभाळायचं."

पुढच्या बुधवारी दोघांचीही ऑपरेशनं लागोपाठ झाली. संपल्यावर दोघांना शेजारी-शेजारी बसवून, गालांवर बर्फाच्या पिशव्या देऊन, डॉक्टरांनी सूचना एकदमच सांगितल्या. "दोनदा बोलायला मला वेळ नाही. ऐका. चौदा दिवस त्या जागी ब्रश नाही. गरम नाही, कडक नाही. पेज थंड करून घ्यायची. आरशात ओठ वर करून बघायचं नाही. बघावंसं वाटेल. नाही बघायचं. ओठ ताणला की हिरडी ओढली जाते, ठिगळ हलतं, आणि केलेलं सगळं वाया जातं. पहिले चौदा दिवस अजिबात हसायचं नाही. आणि सहा आठवडे मोकळं हसायचं नाही. कळलं?"

दोघांनी माना हलवल्या. मग डॉक्टर चष्म्यावरून रुद्रेशकडे बघत म्हणाल्या, "मागच्या बुधवारी बाहेर हिला तुम्हीच हसवत होतात ना?"

रुद्रेशने मान खाली घातली.

"तुम्ही हिच्यापासून लांब राहा."

*

डॉक्टरांची सूचना त्याने शब्दशः पाळली. साखळी ते इब्रामपूर अंतर काही कमी नाही. पण निघण्याआधी, दवाखान्याच्या जिन्यावर, सुजलेल्या गालाने त्याने विचारलं होतं, "तुम्हाला 'दुखतंय का' विचारायला घरी कोणी आहे?"

"बाबा आहेत. तुम्हाला?"

"आई आहे. पण तिला मी नुसतं 'दाताचं काम' म्हणून सांगितलंय. ऑपरेशन म्हटलं तर ती सगळ्या वाड्याला सांगणार. मग वाडा बघायला येणार. मग प्रत्येकाला तोंड उघडून दाखवा..." दुखलं, म्हणून तो थांबला. "दिवसाला एक मेसेज पाठवीन. विनोदी नाही. शपथ."

"शपथ?"

"नुसती माहिती."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मेसेज आला: *आज पाच गुरं तपासली. पाचही गुरंच होती.*

गौरवी पेज पीत होती. तिने वाटी खाली ठेवली, ओठ घट्ट मिटले आणि गोव्यातल्या नद्या उत्तरेकडून दक्षिणेकडे म्हणायला सुरुवात केली. तेरेखोल, शापोरा, मांडवी, झुआरी, साळ, तळपण... तळपणला पोचेपर्यंत हसू ओसरलं. मग तिने लिहिलं: *सगळ्या नद्या म्हणून हसू थांबवलं. शपथ मोडलीत.*

*कुठे? माहितीच आहे. तपासून घ्या.*

तिसऱ्या दिवशी: *म्हशीने टोपी खाल्ली. टोपी निळी होती. म्हशीची तब्येत ठीक आहे.*

तेरेखोल, शापोरा, मांडवी...

सहाव्या दिवशी: *आईने विचारलं, पेज का पितोस. मी म्हटलं, आवडते. आता रोज दोन वेळा पेज.*

आठव्या दिवशी मेसेज आला नाही. गौरवीने दहावी 'ब'ला मान्सूनचा धडा शिकवला, उत्तरपत्रिका तपासल्या, पेज प्याली, आणि साडेसात वाजता तिच्या लक्षात आलं की आज दिवसभरात एकदाही नद्या म्हणाव्या लागल्या नाहीत. डॉक्टरांच्या दृष्टीने हा सगळ्यात चांगला दिवस होता. तिला तो अजिबात आवडला नाही.

*आज माहिती नाही?* तिने लिहिलं.

*एक गाय अडली होती, आत्ता सुटली. दोघंही ठीक. वासरू माझ्याकडे बघत होतं. मी वाकलो नाही.*

ती तळपणच्याही पुढे, पार समुद्रात गेली. मग फोन उशीजवळ ठेवून उगाच बसून राहिली. एकाच गोष्टीवर हसू येऊ न देण्यासाठी दोन माणसं इतकी धडपडत असली, की त्यांचं बरंच काही जुळतं, हे तिला भूगोलाच्या पुस्तकात कुठे सापडलं नव्हतं.

*

चौदाव्या दिवशी टाके निघाले. "आत्तापर्यंत टिकलंय," डॉक्टर म्हणाल्या. "चार आठवडे अजून सांभाळा. मग बघू."

दोघं बाहेर पडून समोरच्या हॉटेलात बसली. पातळभाजी आणि उंडे, म्हणजे वरून कडक असणारे गोल पाव, मागवले. भाजी निवेपर्यंत थांबली, उंड्याच्या आतला मऊ भाग बोटांनी काढून, भिजवून, दुसऱ्या बाजूने सावकाश खाऊ लागली. दोन्ही बशांत कडक पापुद्र्यांचे दोन ढीग साठले. हॉटेलवाल्याने येऊन ते ढीग बघितले, मग दोघांकडे बघितलं, आणि मान हलवत आत गेला.

"टीचर, एक विचारू? विनोदी नाही."

"विचारा."

"आईला घेऊन तुमच्या घरी येऊ?"

गौरवीने उंड्याचा मऊ तुकडा भाजीत बुडवला. तो बुडालेलाच राहिला.

"आजच उत्तर पाहिजे असं नाही," रुद्रेश घाईने म्हणाला. "सहा आठवडे झाल्यावर... किंवा तुमचं काही दुसरं..."

"थांबा. मी एक बघतेय." ती स्वतःशीच पुटपुटल्यासारखं करत होती. "'नाही' म्हणून बघा."

"काय?"

"म्हणा तर. 'नाही'."

"ना... ही..."

"ओठ ताणतो ना?"

त्याने पुन्हा म्हणून बघितलं. "ताणतो खरा."

"डॉक्टरांनी ताणू नका म्हणून सांगितलंय. सहा आठवडे."

"मग?"

"'हो'ला ताणत नाही."

रुद्रेश गुरांच्या बाबतीत चपळ होता. माणसांच्या बाबतीत त्याला थोडा वेळ लागे. तो समोर बघत राहिला... मग त्याचे कान लाल झाले. "म्हणजे—"

"हो," गौरवी म्हणाली. ओठांचा अगदी गोल करून, सूचनेप्रमाणे.

आता हसायची वेळ त्याची होती आणि टाके आजच निघाले होते. "त्या नद्या..." तो ओठ आवळून कसाबसा म्हणाला. "कुठून सुरू करायच्या?"

"तेरेखोलपासून. मग शापोरा. त्या दोन्हींच्या मध्ये तुझं गाव येतं."

ती 'तुझं' म्हणाली, हे दोघांच्याही लक्षात आलं. दोघांनीही ते माहिती म्हणून नोंदवून घेतलं.

*

पुढचं काम मोठ्या माणसांनी करायचं होतं. महादेवांनी इब्रामपूरला फोन लावला. मागच्या खेपेचं 'लिपयता' त्यांच्या मनात होतं. या खेपेला काही म्हणजे काही लपवायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

"नमस्कार. आधी सगळं सांगतो. मुलगी सहा वर्षांमागे स्कूटरवरून पडली."

"अरे देवा," रुद्रेशची आई देवकी म्हणाली.

"गेल्या महिन्यात ऑपरेशन झालं. टाळू कापली. आतून पट्टी काढली. टाके घातले."

"...टाळू?"

"टाळू. आता भरून आलीय."

"आणि... आता बरी असा मा?"

"एकदम बरी. शाळेत जाते. फक्त अजून हसायचं नाही म्हणून सांगितलंय डॉक्टरांनी."

देवकीने फोन दुसऱ्या कानाला लावला.

आता टाळू हा शब्द दोन ठिकाणी राहतो. एक टाळू तोंडात, जिभेच्या वर. दुसरी डोक्यावर, तान्ह्या बाळाच्या माथ्याची मऊ जागा, जिथे तेल घालतात. महादेव पहिलीबद्दल बोलत होते. देवकीचा सगळा जन्म दुसरीत गेला होता. इब्रामपूरमधल्या निम्म्या बाळांना तिने न्हाऊ घातलं होतं, त्यांच्या टाळूवर तेल जिरवलं होतं. टाळू म्हटल्यावर तिच्या डोळ्यांसमोर तोंड येण्याचं काही कारणच नव्हतं. तिच्या डोळ्यांसमोर आली ती स्कूटरवरून डोक्यावर पडलेली, डोकं उघडून शिवलेली आणि हसायचीही बंदी असलेली एक मुलगी.

रात्रीचं जेवण वाढताना तिने मुलाला विचारलं, "रे, तुका सगळा म्हायत असा मा? त्या चेडवाच्या ऑपरेशनाचा?"

"असा तर. माझ्यासमोरच झाला म्हण ना."

"आणि तुका चलता?"

"आई, त्यात काय असा? आजकाल कितीजणांचा होता."

देवकीने मुलाकडे बघितलं. एवढ्या मोठ्या मनाचा मुलगा आपल्या पोटी आला, हे तिला पेजेवरून कधी कळलं नव्हतं. तिने त्याला आणखी एक पळी वाढली आणि त्या विषयावर पुन्हा तोंड उघडलं नाही. तीन दिवस मात्र तिचं कामात लक्ष नव्हतं. चौथ्या दिवशी तिने नारळ फोडले, किसले, आणि कढईत घरचं खोबरेल काढायला घेतलं.

*

रविवारी मायलेक साखळीला आली. सहा आठवड्यांना अजून तीन दिवस बाकी होते. गौरवीने रुद्रेशला आधीच बजावलं होतं, "आज माहितीसुद्धा नको. गप्प बस."

तो गप्प बसला. देवकीही गप्पच होती. तिचं सगळं लक्ष गौरवीच्या डोक्याकडे होतं. गौरवी चहा घेऊन आली तेव्हा देवकीने कपाकडे न बघता भांगाकडे बघितलं. ती बशा ठेवायला वाकली, तेव्हा देवकी किंचित उठून बसली. गौरवीला वाटलं, भांगात काही पडलंय का? तिने दोनदा केसांवरून हात फिरवला. महादेवांनीही उगाच एकदा छताकडे बघून घेतलं.

शेवटी देवकीने पिशवीतून अबोलीच्या फुलांची गुंफलेली फाती काढली. "ये गो बाये, फुलां माळतंय तुका. हंय बस, माझ्या म्होरे."

गौरवी पाठमोरी बसली, तोंड बाबांकडे करून. केसांतल्या पिना काढून तिने दोन्ही मुठींत धरल्या. तिच्या मागे देवकी, देवकीच्या मागे रुद्रेश. देवकीची बोटं केसांत शिरली. सराईत बोटं. माथ्यावर आली, थांबली, गोल फिरली, पुन्हा थांबली. मागे गेली. कानांमागे गेली. कुठेच काही नव्हतं. ना खूण, ना खड्डा. देवकीला डॉक्टरांचं कौतुक वाटलं. मग तिने पिशवीतून बाटली काढली, तळव्यावर तेल घेतलं आणि अगदी हलक्या हाताने गौरवीच्या माथ्यावर ठेवलं.

"बाये," ती हळूच म्हणाली, "लाजू नको. माका सगळा म्हायत असा. टाळूवरले केस सगळे परत इले मा गो?"

गौरवीला क्षणभर काही कळलं नाही. टाळू. गेले सहा आठवडे तिला एकच टाळू माहीत होती. तिने जीभ वर लावून बघितली.

टाळूवर. केस.

तेरेखोल, तिने घाईने म्हटलं. शापोरा. मां...

मांडवी आलीच नाही. मुठींत पिना होत्या, हात वर जाऊ शकला नाही. आणि गौरवी हसली. आवाज करून, मान मागे टाकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

रुद्रेशला मागून फक्त केस हलताना दिसले. देवकीला तेलकट माथा दिसला. समोर बसलेल्या महादेवांना सगळं दिसलं. त्यांच्या हातातला कप तसाच राहिला. चहावर साय धरली तरी ते बघत होते.

"गौरवी! तीन दिवस!" रुद्रेश ओरडला.

गौरवीने पिना टाकून दोन्ही हात तोंडावर दाबले आणि वळली. हातांच्या वर डोळे होते, आणि त्यात आता भीती होती.

"काय झाला?" देवकी गांगरली. "डोक्यात गेली काय कळ?"

"आई, डोक्याचं काय घेऊन बसलीस? टाळूचं ऑपरेशन तें! टाळू!"

"टाळूच म्हणतंय मी!" देवकीने गौरवीच्या माथ्यावर बोट ठेवलं.

रुद्रेशने आईकडे बघितलं. बोटाकडे बघितलं. मग बाटलीकडे. आणि मग त्याने जबडा पूर्ण उघडला, आत बोट घालून दाखवलं. "ही! ही टाळू! माझी पण कापली! म्हणून पेज!"

देवकी वाकून मुलाच्या तोंडात बघत राहिली, आणि तिचा एक हात आपोआप त्याच्या डोक्यावर जाऊन चाचपू लागला.

"मी टाळूच म्हटलं होतं," महादेव म्हणाले.

"म्हटल्यात हो! आणि मी इतके दिवस देवाक सांगतंय, चेडवाच्या डोक्यार केस येवंदेत म्हणान!"

महादेवांनी मुलीच्या डोक्याकडे बघितलं. "आले," ते म्हणाले.

कुणी हसलं नाही. हसायची तिघांची इच्छा होती, पण गौरवीने दोन्ही हातांनी ओठ धरून ठेवला होता, आणि तिच्यासमोर हसणं बरं दिसलं नसतं. मग तीच हाताआडून, ओठ न हलवता, सावकाश म्हणाली, "तुम्हाला असं वाटत होतं... माझं डोकं कापलंय. तरी आलात?"

"मगे?" देवकीने बाटलीला बूच लावलं. तिला प्रश्नच नीट कळला नव्हता. "केसांचा काय असा गो? तेल घातला की येतत. म्हणून तर तेल घेवन इलंय."

गौरवी पुन्हा पाठमोरी बसली, मान खाली घालून. अबोली माळायची राहिली होती.

*

आरशात बघायचं नव्हतं. रविवार गेला, सोमवार गेला, मंगळवार गेला. रुद्रेशने रोज विचारलं, *दुखतंय?* तिने रोज लिहिलं, *नाही. पण कळत नाही.* नद्या म्हणायची वेळ एकदाही आली नाही. तीन दिवसांत गौरवीने स्वतःला एवढंच विचारलं, की हिरडी गेली असेल तर ते हसणं मागे घ्यावंसं वाटेल का? तीनदा विचारलं. तीनदा एकच उत्तर आलं, म्हणून मग विचारायचं सोडून दिलं.

बुधवारी डॉक्टरांनी दिवा ओढला. आधी रुद्रेश. "पूर्ण झाकलाय. यापुढे मऊ ब्रश. गुरांना घासता तो नाही."

मग गौरवी. डॉक्टरांनी ओठ उचलला आणि बारीक खुणांची सळई लावून बघितलं. पुन्हा बघितलं.

"हसलात?"

"एकदा."

"किती?"

"पूर्ण."

बाहेरच्या बालदीत एक थेंब पडला. "दोन मिलिमीटर उघडं होतं," डॉक्टर नोटीस वाचल्यासारख्या म्हणाल्या. "आता अर्धा मिलिमीटर राहिलाय. रेघ गेलीय. उरलेलं नवीन कॅप बसवताना बघू. हललेलं नाही." मग चष्मा काढून पुसत त्या म्हणाल्या, "कशाला हसलात, ते मला सांगू नका. मला अजून दोन पेशंट आहेत. आता हसायला हरकत नाही."

ती दोघं जिना उतरून खाली आली. हसायला हरकत नाही, म्हटल्यावर दोघांनाही एकदम अवघडल्यासारखं झालं. परवानगी घेऊन हसायची सवय कुणाला नसते.

"काहीतरी सांग," गौरवी म्हणाली.

रुद्रेशने खूप विचार केला. बेचाळीस दिवस तो नुसती माहिती देत आला होता. विनोद कसा करतात, ते त्याला आता आठवेना.

"आज..." तो म्हणाला, "सकाळी एक गाय तपासली."

"मग?"

"गायच होती."

गौरवीचे डोळे बारीक झाले, टिकली किंचित वर सरकली, आणि उजवा हात सवयीने तोंडाकडे निघाला. पण तो रुद्रेशच्या हातात होता. ते ती विसरली होती. त्यानेही सोडला नाही.

मग त्याला खालचा अर्धा भागही दिसला.